बद्रीनाथ महाराजांचा अभिमन्यू

दर गुरुवारी घनसावंगीत बाजाराला लाजवील अशी गर्दी व्हायची. रामदासांच्या गावी, जांब समर्थला, दर्शनाला आलेली माणसं परतताना जीपवाल्याला सांगायची, "महाराजांच्या मांडवापाशी उतरव रे बाबा." जीपवाला न सांगताही तिथेच थांबायचा, कारण पुढे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. एवढी माणसं कशासाठी लोटायची? उंदीर बघायला! घरात दिसला की ज्याच्यामागे झाडू घेऊन धावतात, तोच उंदीर बघायला बाया लेकरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या राहायच्या.

मांडवात एका चौरंगावर सागवानी लाकडाचा चक्रव्यूह मांडलेला. आत फळ्याच फळ्या, गल्ल्याच गल्ल्या, आणि शेवटच्या कोपऱ्यात रामाची तसबीर व नैवेद्याची वाटी. मागच्यांनाही दिसावं म्हणून वर कटिंगच्या दुकानातला मोठा आरसा तिरका टांगलेला. महाराजांचं डोकं अशा बाबतीत फार चालायचं.

"माउलींनो!" महाराज हात उंचावून ओरडायचे. "अभिमन्यू आईच्या पोटात चक्रव्यूह शिकला. खरं का खोटं?"

"खरंऽऽ!"

"महाभारत खरं, मंग आमचा अभिमन्यू बी खरा! कुणी म्हणंल, महाराजानं उंदराला वाट पाठ करून दिली. म्हणून या, फळ्या तुम्हीच सरकवा. पाहिजे तशा सरकवा, बिलकुल हरकत न्हाई."

कुणीतरी पुढे येऊन फळ्या सरकवायचं. वाट नवी व्हायची. मग महाराज आधी एक पांढरा उंदीर काढायचे, पाठीवर काजळाचा पट्टा ओढलेला. "हा चोरवंशी. याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याचे दाणे चोरले." चोरवंशी आत पडला की भांबावून इकडे डोकं आपट, तिकडे डोकं आपट, आणि शेवटी भीतीने लेंड्या टाकून एका कोपऱ्यात मुटकुळं करून बसायचा. माणसं पोट धरून हसायची. "आता वाट पवित्र करू," म्हणत महाराज तीर्थाच्या तांब्यात फडकं बुडवून बरोबर वाटेवरून फिरवायचे, आणि मग यायचा अभिमन्यू. कोरा, पांढराशुभ्र. "सात पिढ्या रामनाम ऐकलेलं हे फाउंडेशन बियाणं हाये, माउली!" अभिमन्यू नाक हलवत, एकही वळण न चुकता, सरळ रामापाशी. मांडवात टाळ्या, शिट्ट्या, "सीताराम सीताराम".

'फाउंडेशन बियाणं', म्हणजे खात्रीचं मूळ बियाणं, हा शब्द कुठून आला म्हणाल, तर महाराज होण्याआधी बद्रीनाथ जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात कामाला होता. आणि मांडवात बसलेल्या एकाच्याही डोक्यात हा साधा प्रश्न आला नाही, की बाबांनो, फळ्या जर दर गुरुवारी बदलतात, तर आजोबांनी शिकलेली वाट नातवाला काय कामाची?

एकाच्या डोक्यात आला होता. तो स्टेजवरच बसला होता, गळ्यात हार घालून. नाव नरहर टाकळकर, तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. त्या गुरुवारी हाराखाली त्याची मान अवघडली होती, आणि ती काही फुलांच्या वजनाने नव्हे.

खेळ संपला तशी काकासाहेब उठले. पंचक्रोशीत वजन असलेला माणूस. ते उठले की गलका आपोआप बसायचा. "महाराज, हा आमचा पोरगा देवानंद, याची सोयरीक धरली हाये. पोरगी गुणाची, कॉलेजात शिकून राह्यली. पन तिचा बाप रखमाजी कापसाच्या चोरीत जेलात जाऊन आल्ता. लोक म्हणतेत, खाण तशी माती. काय करावं?"

बायांच्या रांगेत रखमाजीची बायको तुळजाबाई आणि लेक विमल बसल्या होत्या. तुळजाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. विमल मात्र ताठ बसून स्टेजकडे पाहत राहिली, कारण स्टेजवर तिचे सर होते.

महाराजांनी पिंजऱ्यातल्या चोरवंशीकडे बोट दाखवलं. "मी कामून बोलू? हा बोलून राह्यला ना. बापाचं वळण लेकराला. अन् मी तर अडाणी माणूस, बापा. सायन्सला इचारा. काय सर, शिकलेलं रक्तात उतरतं का न्हाई?"

सगळा मांडव नरहरकडे वळला. एक 'नाही' म्हणायचं होतं फक्त. पण त्याची मान हलली. खालीवर. होकाराची.

"मोडली सोयरीक," काकासाहेब म्हणाले आणि खाली बसले.

आता ऐका, नरहरला काय ठाऊक होतं ते. हे सगळं लचांड सुरू केलं होतं त्यानेच. औरंगाबादहून पांढऱ्या उंदरांची जोडी आणून त्याने प्रयोगशाळेत प्लायवुडचा एक भूलभुलैया मांडला. एका टोकाला उंदीर, दुसऱ्या टोकाला दाणे. पहिल्या जोडीला वाट सापडता सापडेना. पिल्लांना जरा लवकर सापडली, पिल्लांच्या पिल्लांना त्याहून लवकर, आणि सातवी पिढी सोडल्याबरोबर सुसाट! नरहर हरखला. आईबापांनी शिकलेलं लेकरांच्या रक्तात उतरतं! मोठमोठे शास्त्रज्ञ ज्याला 'असं होत नाही' म्हणाले, ते घनसावंगीच्या नरहर सरांनी करून दाखवलं! जालन्याच्या पेपरात लेख छापून आला, व्याख्यानमालेत भाषण झालं. भाषणाला पहिल्या रांगेत बद्रीनाथ होता. दुसऱ्याच दिवशी तो हार घेऊन घरी आला, आणि फुशारलेल्या नरहरने त्याला पिंजरा भरून उंदीर दिले.

पण कॉलेजला पाणी यायचं टँकरने. प्यायला पुरायची मारामार, तिथे उंदरांचा खोका कोण धुणार? शिवाय प्लायवुड भिजलं की फुगतं. म्हणून नरहरनेच फर्मान काढलं होतं, "खोक्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसा." मग काय, सात पिढ्या त्याच खोक्यात धावल्या, धावता धावता मुतल्या, आणि दाण्यांकडे जाणाऱ्या गल्लीत वासाचा रस्ताच तयार झाला. पुढची पिढी जास्त शहाणी नव्हती. वाट जास्त मळलेली होती.

हे कळलं कसं? विद्यापीठाची कमिटी येणार म्हणून जादा टँकर आला आणि प्रयोगशाळा खोक्यासकट धुऊन निघाली. दुसऱ्या दिवशी नरहरने सातव्या पिढीचं नवं पिल्लू आत सोडलं, तर ते भिंतीला नाक घासत बसलं. त्याला वाटलं, फिनेलचा वास असेल. साध्या पाण्याने पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं. तेच! पहिल्या जोडीचे जे हाल झाले होते, तेच सातव्या पिढीचे. नरहर स्टुलावर मटकन बसला.

आणि हे झालं होतं त्या गुरुवारच्या आधी. म्हणजे मान हलवली तेव्हा त्याला सगळं, अगदी सगळं माहीत होतं! आज सांगू, उद्या सांगू, आधी विद्यापीठाला कळवू, मग लोकांना, असं करत तो स्वतःलाच फसवत राहिला. खरी गोष्ट एवढीच, की रस्त्याने जाताना लोक उठून नमस्कार करत होते, आणि तो नमस्कार त्याला सोडवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई नेहमीसारख्या दूध घेऊन आल्या. रोज स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, चहा घ्यायच्या, नरहरच्या बायकोशी, शरयूशी, चार गोष्टी बोलायच्या. त्या दिवशी फाटकाबाहेरच थांबल्या.

"आत या ना तुळजाबाई, चहा ठेवलाय," शरयू म्हणाली.

"न्हाई बाई, भांडं इथंच आना. मी आत यावं अन् मागून काही हरपलं तर? काल सांजंला दूध घालायला चांगुणाबाईच्या घरी गेल्ते, तर तिनं माह्याम्होरं कोठीला कुलूप लावलं."

आत पेपर धरून बसलेल्या नरहरला एक अक्षर दिसेना. ती पोर, ती माउली, आणि आपण! त्याला स्वतःची शिसारी आली. पण तो उठून बाहेर गेला नाही.

दुपारी विमल प्रयोगशाळेत आली. लायब्ररीची पुस्तकं टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, ही जमा करून घ्या. मी आता येत न्हाई."

"का गं?"

"मागच्या बाकावरच्या पोरी पिशव्या उचलून घेऊन राह्यल्या, मी बसले की." मग तिने विचारलं, "सर, बापानं चोरी केली तवा मी पाळण्यात होते. मंग ती माह्यात आली कवा? अन् मांडवात फळ्या तर दर गुरुवारी बदलतेत. आज्यानं शिकलेली वाट नातवाला कशी कामी येती?"

जो प्रश्न आख्ख्या तालुक्याला पडला नाही तो या पोरीला पडला होता, आणि तिचा सर खिडकीबाहेर बघत होता. "बघतो मी," तो पुटपुटला.

"बघा सर. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं! नरहर तसाच उठला आणि मांडवात गेला. महाराज खाटेवर पाय पसरून भाजक्या शेंगा खात होते. नरहरने घाईघाईने सगळं सांगितलं, खोका, टँकर, वास, आणि म्हणाला, "हा खेळ बंद करा. माझा प्रयोग चुकला होता."

बद्रीनाथ आधी खो खो हसला, मग शेंगेचं टरफल फुंकून म्हणाला, "तुम्हाला आत्ता कळलं व्हय सर? म्या तर पहिल्याच दिवशी वळखलं. गोदामात उमर गेली माही! शेंगतेलाचा थेंब सांडला की त्या वासावर उंदरं रांगेनं येतेत. तीर्थात दुसरं काय हाये? अन् तो चोरवंशी अन् अभिमन्यू तर एकाच मायचे, एकाच वेताचे. तुमच्याच पिंजऱ्यातले. एकाला काजळ लावलं, चोर झाला."

"मी लोकांना सांगेन."

"सांगा की! म्हणा, मी शिकलेला गाढव हाये, पेपरात खोटं छापलं, मांडवात मान डोलवली. माहं काय, मी उद्या जाफराबादेत मांडव घालीन. तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. बघा बराबर इचार करून."

नरहर घरी आला आणि कधी नव्हे ते बायकोपुढे सगळं ओकून मोकळा झाला. शरयूने ऐकून घेतलं. "अहो, तुमचं नाक जाईल म्हणून घाबरताय ना? त्या पोरीचं तर आख्खं आयुष्य चाललंय. जाऊ द्या नाक," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी मांडव पुन्हा फुलला. त्या दिवशी काकासाहेबांनी रखमाजीला मुद्दाम बोलावलं होतं, साखरपुड्यात विमलच्या घरून विहिणीसाठी आलेली साडी-नारळ चारचौघांत परत करायला. रखमाजी मान खाली घालून खांबाला टेकला होता. तुळजाबाई यायला तयार नव्हत्या. विमल मात्र बापाचा हात धरून आली होती. फळ्या सरकवून झाल्या. चोरवंशी नेहमीप्रमाणे अडकला, माणसं हसली. महाराजांनी तांब्यात फडकं बुडवलं, तोच नरहर कळशी घेऊन पुढे आला.

"महाराज, आज वाट मी पवित्र करतो. गंगेचं पाणी आणलंय."

आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. हजार माणसांसमोर गंगेला नाही कसं म्हणणार? महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात जोडावेच लागले. "हर गंगे," ते कसंबसं म्हणाले. नरहरने कळशी चक्रव्यूहात उपडी केली, काथ्याने फळ्या अन् तळ खसाखसा घासला, पुन्हा पाणी ओतलं, टॉवेलने कोरडा केला. पुढे बसलेल्या सोनूबाईने पदराने वारासुद्धा घातला. "धर्माचं काम हाये माय," ती म्हणाली.

मग नरहरने अभिमन्यूला आत सोडलं. अभिमन्यू दोन पावलं गेला, थांबला, उलटा फिरला, एका फळीवर नाक आपटलं, दुसरीवर आपटलं. आरशात सगळ्यांना दिसत होतं. राम राहिला एकीकडे, सात पिढ्यांचा पुण्यवान कोपऱ्यात बसून मिशा पुसायला लागला.

"गर्दीला बुजला!" महाराज ओरडले. "नास्तिकाचा हात लागला!"

नरहरने लक्ष दिलं नाही. त्याने ओल्या रुमालाने चोरवंशीच्या पाठीवरचं काजळ पुसलं, दोन्ही उंदीर एका टोपलीत टाकले आणि टोपली हलवली. "ही एकाच आईची, एकाच वेताची पिल्लं आहेत. मीच दिलीत. आता सांगा, चोर कोणता, साधू कोणता?" सगळे माना लांब करकरून बघत राहिले. काकासाहेबही बघत होते. कुणालाच सांगता येईना.

मग त्याने महाराजांच्या खडावा उचलून एका बंद गल्लीच्या टोकाला ठेवल्या, महाराजांचंच फडकं महाराजांच्याच तीर्थात बुडवलं आणि रामाकडे न नेता खडावांपर्यंत फिरवलं. हाताला लागला तो उंदीर सोडला. गडी निघाला नाक हलवत, रामाकडे ढुंकूनही न बघता गेला तो थेट खडावांवर चढला! दुसरा सोडला, तोही तिथेच. सोनूबाईने तांब्यात बोट घालून नाकाशी नेलं आणि किंचाळली, "अगं बया! हे तर शेंगतेल! रोज भाकरीसंगं खाती मी हे!" मांडव असा हसला की वरचा आरसा हलला. कुणीतरी मागून ओरडलं, "महाराज, चक्रव्यूहात शिरले खरं, आता बाहीर कसे निघान?"

महाराज मात्र खऱ्या अभिमन्यूहून हुशार निघाले. मागच्या कनातीखालून कधी सटकले, कुणालाच कळलं नाही.

हसणं ओसरल्यावर नरहर बोलू लागला. "बैलाच्या नाकात वेसण आपण किती पिढ्या घालतोय? नाकाला भोक घेऊन जन्मलेलं वासरू पाहिलंय कुणी? पोरींचे कान टोचतो, तरी पुढची पोर कोरे कान घेऊनच येते ना? जातिवंत बैलाचा गोऱ्हा असला तरी औत त्याला नव्याने शिकवावंच लागतं. तशी चोरी शिकावी लागते, चांगुलपणाही शिकावा लागतो. बापाने काय केलं ते लेकीच्या रक्तात शोधू नका." पुढचं वाक्य सगळ्यात अवघड होतं. "आणि हे मला मागच्या गुरुवारीही माहीत होतं. तरी मी मान हलवली."

मागच्या वेळी हार घालणारेच आता दुसरीकडे बघू लागले.

काकासाहेबांनी साडी-नारळाचं ताट हातातच धरलं होतं. ते रखमाजीपुढे गेले. "चुकलं आमचं, पाहुणे. सोयरीक पक्की समजा."

"मला इचारा ना मामा," विमल म्हणाली. "उंदीर अडकला तर मी चोर, उंदीर पळाला तर मी साव. उद्या कुणी मांजर आणलं तर मंग? अन् देवानंद दोन्ही गुरुवारी इथंच उभे होते, एक शब्द बोलले न्हाईत. मला न्हाई करायची ही सोयरीक. ते ताट द्या इकडं." देवानंद पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. काकासाहेबांनी मुकाट्याने ताट दिलं.

जाताना रखमाजी नरहरपाशी थांबला. पहिल्यांदाच त्याने मान वर केली होती. "सर, माही चोरी मी कोर्टात कबूल केल्ती. घरात खायला न्हवतं, म्हणून केली. तुम्ही कशापायी गप ऱ्हायले?"

"लोक मोठं म्हणत होते मला," नरहर म्हणाला. "ते जाईल म्हणून."

"मंग तुमची भूक माह्याहून मोठी," रखमाजी म्हणाला आणि लेकीला घेऊन चालू लागला. नरहर रिकामी कळशी घेऊन तिथेच उभा राहिला. अंगावर कुणी दगड मारला असता तरी त्याने हात वर केला नसता.

सोमवारी विमल कॉलेजात आली आणि पहिल्या बाकावर बसली. नरहरने सगळ्या वर्गाला आपली चूक समजावून सांगितली, टँकर, खोका, वास, सगळं. वर्गाने माना डोलावल्या. विमलने हात वर केला.

"सर, हे तरी खरं कशावरून?"

'तुम्ही सांगाल ते मी मानीन' म्हणणारी पोर आता नव्हती. नरहरला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायलाच हवं होतं. "चला," तो म्हणाला, "खोका धुऊन दाखवतो."

"आम्ही धुतो," विमल म्हणाली. "तुम्ही बाजूला उभे ऱ्हा."

वाचकहो, सांगणारा महाराज असो, मास्तर असो की छापील पेपर असो, आपणही एवढंच करावं. ऐकून घ्यावं, मान जागेवर ठेवावी, आणि 'दाखवा' म्हणावं. त्याला पाप लागत नाही.